सूत, सटवाई आणि शिवी: स्त्रीवादी शब्दक्रीडेचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा

१. प्रश्नाची मांडणी

'स्पिन्स्टर' म्हणजे सूत कातणारी बाई. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये हे एका व्यवसायाचे नाव होते. सतराव्या शतकात ते अविवाहित स्त्रीची कायदेशीर ओळख म्हणून दस्तऐवजांत येऊ लागले आणि पुढे लग्नाचे वय उलटून गेलेल्या, कोणी न पत्करलेल्या, कोरड्या स्वभावाच्या बाईविषयीचा उपहास त्यात साठत गेला. 'बॅचलर' या पुरुषवाचक जोडशब्दाच्या वाट्याला हा प्रवास आला नाही. मराठीतील 'सटवी' या शब्दाची कथा याहून फार वेगळी नाही. मूल जन्मल्यानंतर सहाव्या रात्री येऊन त्याच्या कपाळी प्राक्तन लिहिणारी देवता ती सटवी किंवा सटवाई. भांडखोर, कजाग बाईला तिच्याच नावाने हिणवले जाते. एका भाषेत श्रमाचे नाव शिवी झाले, दुसऱ्या भाषेत देवतेचे.

भाषाविज्ञानात या प्रक्रियेला अर्थापकर्ष म्हणतात. अर्थापकर्ष कोणत्याही शब्दाचा होऊ शकतो; परंतु स्त्रीवाचक शब्दांच्या बाबतीत तो योगायोग नसून एक पद्धतशीर प्रवृत्ती आहे, हे म्युरिएल शुल्झ यांनी १९७५ मध्ये इंग्रजीतील शब्दांच्या आधारे दाखवून दिले. स्त्री-पुरुषवाचक जोड्यांपैकी पुरुषवाचक शब्द आपली प्रतिष्ठा राखतो आणि स्त्रीवाचक शब्द हळूहळू लैंगिक निंदेकडे घसरतो, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता.

हा अपकर्ष उलटा फिरवता येईल काय, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील स्त्रीवादी लेखिकांनी त्याला एक अनपेक्षित उत्तर दिले. शिवी नाकारण्याऐवजी त्यांनी ती उचलली, तिची व्युत्पत्ती उकलली, तिच्याशी खेळ केला आणि नवी व्याख्या करून ती बिरुदासारखी मिरवली. या प्रयत्नाचे सर्वांत विस्तृत रूप म्हणजे मेरी डेली यांचा १९८७ सालचा कोश. त्याला केंद्रस्थानी ठेवून, मराठी व अन्य भारतीय भाषांतील काही उदाहरणांच्या तुलनेत, या शब्दक्रीडेचे सामर्थ्य कोठे आहे आणि ती कोठे थांबते, याचा शोध येथे घेतला आहे.

२. कोशाविरुद्ध कोश

मेरी डेली (१९२८–२०१०) या मूळच्या कॅथॉलिक धर्मशास्त्राच्या अभ्यासक. स्वित्झर्लंडमधील फ्रिबुर्ग येथे धर्मशास्त्र आणि तत्त्वज्ञान या विषयांत त्यांनी उच्च पदव्या मिळवल्या आणि १९६६ पासून बॉस्टन कॉलेजमध्ये अध्यापन केले. 'द चर्च अँड द सेकंड सेक्स' (१९६८) या पहिल्या महत्त्वाच्या ग्रंथात त्या चर्चच्या सुधारणेची अपेक्षा बाळगून होत्या. 'बियाँड गॉड द फादर' (१९७३) पर्यंत ती अपेक्षा मावळली होती. नाव ठेवण्याची शक्ती स्त्रियांपासून हिरावून घेतली गेली आहे, ही त्या ग्रंथातील भूमिका पुढील सर्व लेखनाचे बीज ठरली. 'उत्पत्ती'च्या कथेत प्राण्यांना नावे देतो तो आदम. हव्वेला नाव मिळते तेही त्याच्याकडूनच. स्त्रीला जग भेटते ते आधीच नामकरण झालेले. म्हणून मुक्तीची सुरुवात पुन्हा नाव ठेवण्यापासून होते, असे डेली मानतात.

'गायन/इकॉलॉजी' (१९७८) या ग्रंथाचे शीर्षकच या भूमिकेचा प्रयोग आहे. स्त्रीदेहाचे वैद्यक म्हणजे गायनेकॉलॉजी. त्या शब्दाच्या पोटात एक तिरकी रेघ ओढताच त्यातून परिसराचे शास्त्र बाहेर पडते आणि देहावर ताबा मिळवणारी विद्या सजीवांच्या परस्परसंबंधांच्या विद्येपुढे उभी राहते. येथून पुढे संयोगचिन्ह, तिरकी रेघ आणि अनपेक्षित ठिकाणी येणारे मोठे आद्याक्षर ही डेली यांच्या गद्याची हत्यारे झाली. देवनागरीत मोठी आद्याक्षरे नाहीत. त्यामुळे हे गद्य मराठीत आणताना त्याचा एक पदर आपोआप गळतो, हेही तुलनाकाराने ध्यानात ठेवले पाहिजे.

'वेबस्टर्स फर्स्ट न्यू इंटरगॅलॅक्टिक विकिडरी ऑफ द इंग्लिश लँग्वेज' हा कोश बॉस्टनच्या बीकन प्रेसने १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. तो जेन कॅप्युटी यांच्याशी संगनमताने रचल्याचे शीर्षकातच खेळकरपणे नोंदले आहे. अमेरिकन कोशपरंपरेचा आधारस्तंभ असलेल्या नोआ वेबस्टर यांचे आडनाव मुळात विणकर स्त्रीचे व्यवसायनाम आहे. जुन्या इंग्रजीत '-स्टर' हा स्त्रीवाचक प्रत्यय होता आणि विणणारी ती 'वेबस्टर'. डेली यांनी षष्ठीचे चिन्ह एक अक्षर पुढे सरकवले आणि एका पुरुषाचा कोश अनेक विणकर स्त्रियांचा झाला. 'विकिडरी' या नावात 'विकिड' आणि 'डिक्शनरी' यांचा सांधा आहे. 'विकिड' हा शब्द चेटूकवाचक जुन्या इंग्रजी शब्दाशी संबंधित मानला जातो. दुष्टपणाचा आरोप, चेटकिणीची विद्या आणि कोशकाराचे काम असे तीन अर्थ एका नावात एकत्र नांदतात.

कोशाचा गाभा तीन 'शब्दजाळ्यां'त विभागला आहे. पहिल्यात तात्त्विक संज्ञा आहेत, दुसऱ्यात डेली ज्याला पार्श्वभूमी म्हणतात त्या स्त्रियांच्या खऱ्या जगातील रहिवासी, तर तिसऱ्यात पितृसत्तेच्या दर्शनी जगातील पात्रे. वर्णानुक्रमाने सर्व शब्द एका पातळीवर आणणाऱ्या कोशाच्या तटस्थतेला हा विभागणीचा आराखडाच नकार देतो. संस्कृत-मराठी परंपरेत 'शब्दजाल' हा निंदाव्यंजक शब्द आहे. अर्थहीन पांडित्याला उद्देशून तो वापरला जातो. डेली मात्र जाळे हे कोळ्याच्या आणि विणकराच्या कामातून पाहतात. जे अडकवते तेच त्यांच्या लेखी आधार देते.

हा कोश एकाकी नव्हता. १९६८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'विच' हे आद्याक्षरनाम धारण केलेल्या स्त्रीगटाने चेटकिणीचा वेष घेऊन निदर्शने केली होती. त्याच वर्षी जो फ्रीमन यांनी कुत्रीवाचक शिवी शीर्षकात घेऊन जाहीरनामा लिहिला. फ्रान्समध्ये मोनिक विटिग आणि सांद झेग यांनी १९७६ मध्ये प्रेयसींच्या शब्दकोशाचा कच्चा खर्डा रचला. शेरिस क्रॅमरे आणि पॉला ट्रायक्लर यांचा स्त्रीवादी कोश १९८५ मध्ये निघाला. क्रॅमरे व ट्रायक्लर यांनी स्त्रियांच्या लेखनातील अवतरणे एकत्र करून अर्थ बहुमुखी केला. डेली यांनी अवतरणांचा आधार घेतला तरी व्याख्येचा अधिकार स्वतःकडे ठेवला. या फरकाचा परिणाम पुढे दिसेल.

३. व्युत्पत्ती आणि कोटी

'विकिडरी'तील खेळ वरवर एकजिनसी वाटला तरी त्यात दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिली क्रिया व्युत्पत्तीची. 'स्पिन्स्टर' पुन्हा कातणारी होते. स्वतःचे जगणे स्वतः निवडणारी आणि विश्वाचे धागे कातणारी अशी तिची नवी व्याख्या होते. 'हॅगर्ड' म्हणजे खंगलेली, हा अर्थ बाजूला सारून न माणसाळलेला ससाणा हा त्याचा जुना अर्थ वर काढला जातो. 'वीअर्ड' म्हणजे विचित्र. परंतु मूळ शब्दाचा अर्थ नियती असा होता आणि 'मॅकबेथ'मधील तीन चेटकिणींना लागलेल्या या विशेषणात तो अर्थ अजून जिवंत आहे.

दुसरी क्रिया कोटीची. मानसोपचारतज्ज्ञाला उद्देशून असलेला 'थेरपिस्ट' हा शब्द तोडून डेली त्यातून 'द रेपिस्ट' वाचतात. 'डिक्शनरी'च्या पहिल्या अवयवातून पुरुषलिंगवाचक अपशब्द बाहेर काढतात. येथे व्युत्पत्तीचा काही संबंध नाही. 'थेरपिस्ट' हा ग्रीक मुळातून, सेवा-शुश्रूषेच्या अर्थातून आलेला शब्द आहे. ही निव्वळ ध्वनीची टक्कर आहे. मराठी वाचकाला सभंग श्लेष परिचित असल्याने या क्रियेचे नवल वाटणार नाही.

पहिली क्रिया इतिहासाची साक्ष काढते, दुसरी वर्तमानावर आरोप ठेवते. डेली यांच्या टीकाकारांनी त्यांची गल्लत करून दोन्हींना एकाच मापाने मोजले. कोटी खरी की खोटी हा प्रश्न गैरलागू आहे. ती लागली की चुकली एवढेच विचारता येते. व्युत्पत्तीला मात्र पुराव्याची कसोटी लागते आणि तेथे एक गंभीर आक्षेप संभवतो. शब्दाचा मूळ अर्थ हाच त्याचा खरा अर्थ, हे गृहीतक भाषाविज्ञानाला मान्य नाही. अर्थ वापरातून ठरतो. कातणारी बाई कोणे एके काळी 'स्पिन्स्टर' होती, म्हणून आज अविवाहित म्हणून हिणवल्या जाणाऱ्या स्त्रीची वेदना खोटी ठरत नाही.

हा आक्षेप रास्त आहे, पण तो डेली यांच्या कामाच्या मर्मापर्यंत पोचत नाही. पुन्हा मूळ अर्थ प्रस्थापित करणे हे या व्युत्पत्तींचे खरे फलित नाही. शब्दाचा आजचा अर्थ निसर्गदत्त नसून तो कोणत्या तरी काळी, कोणत्या तरी सत्तासंबंधातून घडला, हे त्या उघड करतात. जे घडले ते मोडता येते. ज्युडिथ बटलर यांनी १९९७ मध्ये द्वेषवाणीची मीमांसा करताना नेमक्या याच फटीकडे लक्ष वेधले. शिवीला घायाळ करण्याची शक्ती मिळते ती वारंवार उच्चारली गेल्यामुळे. परंतु प्रत्येक पुनरुच्चार नव्या संदर्भात होत असल्याने तिच्यावर मूळ उच्चारणाऱ्याची मालकी कधीच पूर्ण नसते. डेली यांनी सिद्धांत न मांडता जे करून दाखवले, त्याचे तात्त्विक विवरण बटलर यांच्याकडे मिळते.

डेली यांनी उचललेल्या शब्दांचा एकत्रित विचार केला की आणखी एक गोष्ट दिसते. 'स्पिन्स्टर' सुतामधून येते. 'गॉसिप' हा शब्द मुळात बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्ममाता-धर्मपित्याचा. पुढे तो बाळंतिणीभोवती जमणाऱ्या सख्यांना लागला आणि शेवटी बायकांच्या निरर्थक बडबडीचे नाव झाला. 'विच' औषधी जाणणाऱ्या बायकांनाही चिकटवला गेला. सूत, बाळंतपण, औषध, नियती ही सारी स्त्रियांच्या श्रमाची आणि ज्ञानाची क्षेत्रे आहेत. स्त्री जेथे पुरुषाच्या देखरेखीवाचून काही करत होती आणि जाणत होती, तेथील शब्द शिवीत उतरले.

४. बाळंतिणीच्या खोलीतून: मराठीचा दाखला

हे निरीक्षण मराठीला लावून पाहण्यासारखे आहे. 'सटवी' हा शब्द षष्ठीवरून आलेला. सहाव्या रात्री बाळंतिणीच्या खोलीत कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. सटवाई येते आणि लिहून जाते. ज्या समाजात बायकांच्या हाती लेखणी नव्हती, त्या समाजाने माणसाचे प्राक्तन लिहिण्याचे काम एका स्त्रीदेवतेकडे सोपवले होते, ही विसंगती विलक्षण आहे. बंगालमध्ये षष्ठी ही आजही लेकरांची राखण करणारी सन्मान्य देवता आहे. जावयाच्या कौतुकाचा सणही तिच्या नावाने होतो. हिंदी प्रदेशात छठी मैयाची भक्ती मोठ्या प्रमाणावर होते. मराठीत मात्र देवतेची पूजा चालू राहिली आणि तिच्या नावाची शिवीही झाली. इंग्रजीतील 'वीअर्ड' आणि मराठीतील 'सटवी' हे दोन्ही नियती लिहिणाऱ्या स्त्रीचे शब्द. दोन्ही भाषांनी त्यांना खाली ओढले. या दोन शब्दांचा परस्परसंबंध नसताना घडलेले हे साम्य उसनवारीने नव्हे, समान सामाजिक रचनेनेच स्पष्ट करता येते.

सटवी एकटी नाही. 'अक्काबाई' म्हणजे लक्ष्मीची थोरली बहीण. थोरल्या बहिणीचे आदरवाचक नाव दारिद्र्याच्या फेऱ्याला दिले गेले. मोकळी हिंडणारी मुलगी 'भटकभवानी' होते. 'महामाया' आणि 'जगदंबा' ही नावे देवळात स्तोत्रात येतात आणि घरात कुत्सितपणे उच्चारली जातात. इंग्रजीत ख्रिस्तपूर्व देवतांना चर्चने बाद केले म्हणून त्यांची नावे चेटकिणींकडे गेली, असे डेली सुचवतात. मराठीत देवता बाद झाल्या नाहीत. त्यांचे पूजन अखंड चालू आहे. त्यामुळे 'देवीचे पुनरुज्जीवन झाले की स्त्रीची प्रतिष्ठा परत येईल' या डेलीप्रणीत आशेला मराठीचा अनुभव दुजोरा देत नाही. ज्या ओठांनी आरती म्हटली जाते त्याच ओठांनी 'आली भवानी' म्हटले जाते आणि दोहोंत कोणाला विरोध जाणवत नाही.

'रांड' या शब्दाची परिस्थिती अधिक कठोर आहे. संस्कृत 'रण्डा' पासून आलेल्या या शब्दात मराठीत विधवा आणि वेश्या हे दोन्ही अर्थ एकत्र राहतात; पंजाबीत त्याच कुळातील शब्द विधवेसाठी वापरला जातो, तर हिंदीत तो वेश्यावाचक शिवी होतो. ज्या बाईवर नवऱ्याची मालकी उरली नाही, ती सर्वांची, हे समीकरण शब्दातच गोठले आहे. 'विधुर' हा शब्द कोणी शिवी म्हणून वापरत नाही. येथे मागे जाऊन सापडणारा उजळ मूळ अर्थच नाही. डेली यांची व्युत्पत्तीची क्रिया या शब्दापाशी निरुपयोगी होते.

अशा ठिकाणी कोणती रीत चालते, याचे उत्तर ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्री-पुरुष तुलना' (१८८२) या निबंधात मिळते. विजयालक्ष्मी या सुरतेच्या तरुण ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल १८८१ मध्ये शिक्षा झाली आणि त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले गेले. बुलढाण्याच्या ताराबाईंनी त्याला दिलेले उत्तर पुण्यात छापले गेले. जोतीराव फुले यांनी 'सत्सार'मध्ये (१८८५) तिची पाठराखण केली. त्यानंतर हा निबंध विस्मृतीत गेला आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये तो पुन्हा प्रकाशात आणला. रोझलिंड ओ'हॅनलन यांच्या १९९४ मधील इंग्रजी अनुवादानंतर तो महाराष्ट्राबाहेरील अभ्यासकांपर्यंत पोचला.

ताराबाईंची पद्धत व्युत्पत्तीची नाही, तुलनेची आहे आणि ती शीर्षकातच जाहीर केलेली आहे. स्त्रीच्या दोषांची परंपरागत यादी त्या हातात घेतात आणि एकेक दोष तराजूत घालतात: संशय, साहस, कपट, निर्दयता. प्रत्येक वेळी पुरुषाचे पारडे खाली जाते. शब्दाची व्याख्या त्या बदलत नाहीत. तो कोणाला लागू पडतो, एवढेच बदलतात. पतीला देव म्हणायचे तर त्याने देवासारखे वागावे, असे त्या बजावतात, तेव्हा 'देव' हा शब्द अक्षरशः घेतल्यानेच हास्यास्पद होतो. डेली शिवी अंगावर घेऊन तिचा दागिना करतात. ताराबाई ती परत पाठवतात.

दोन्ही पद्धतींमागे दोन वेगळ्या परिस्थिती आहेत. डेली यांच्यामागे स्त्रीगट, प्रकाशनसंस्था आणि पुस्तके विकत घेणारा वाचकवर्ग होता. नवी व्याख्या उच्चारणारे तोंड आणि ऐकणारे कान दोन्ही उपलब्ध होते. ताराबाई एकट्या होत्या. एकटीने शिवी मिरवली तर ती शिवीच राहते. तिला नवा अर्थ मिळण्यासाठी तो अर्थ चालवणारा समूह लागतो. ताराबाईंनी पुनर्व्याख्येऐवजी प्रत्यारोपाचा मार्ग निवडला, यात कल्पकतेचा अभाव नसून परिस्थितीचे अचूक भान आहे. ताराबाईंच्या निबंधानंतर शंभर वर्षांनी, समूह उभा राहिल्यावर, मराठीतही दुसरा मार्ग खुला झाला. ज्योती म्हापसेकर यांच्या १९८३ मधील नाटकाने 'मुलगी झाली हो' हा हताश उद्गार शीर्षक म्हणून उचलला आणि स्त्री मुक्ती संघटनेच्या प्रयोगांतून त्याची घोषणा झाली. शब्द तेच राहिले. म्हणणाऱ्यांची संख्या बदलली.

५. जेथे शब्द जीव घेतो

डेली यांच्या प्रकल्पावरचा सर्वांत मर्मभेदी आक्षेप त्याच वर्तुळातून आला. कृष्णवर्णीय कवयित्री ऑड्रे लॉर्ड यांनी मे १९७९ मध्ये डेली यांना लिहिलेले पत्र पुढे खुले पत्र म्हणून प्रसिद्ध झाले. 'गायन/इकॉलॉजी'त गौरवल्या गेलेल्या देवता युरोपीय. आफ्रिकी स्त्री मात्र त्या ग्रंथात येते ती केवळ देहविच्छेदनाची बळी म्हणून, हा त्यातील आक्षेपाचा आशय होता. शब्दांची पुनर्व्याख्या करण्याचा अधिकार गोऱ्या स्त्रीकडे, आणि इतर स्त्रिया फक्त उदाहरणादाखल, अशी ही विभागणी होती.

भारतीय संदर्भात हा आक्षेप अधिकच लागू पडतो. त्याच ग्रंथात सती प्रथेवर एक प्रकरण आहे. कॅथरीन मेयो यांच्या 'मदर इंडिया' (१९२७) या वसाहतवादी पुस्तकाचा डेली तेथे गौरवाने आधार घेतात. उमा नारायण यांनी १९९७ मध्ये या प्रकरणाची चिकित्सा करून दाखवले की, त्यात प्रथेचा इतिहास, प्रदेश आणि काळ पुसले जाऊन एक कालातीत हिंदू क्रौर्य उरते. येथे आणखी एक मुद्दा जोडता येतो. युरोपीय चेटकिणीच्या वाट्याला डेली यांच्याकडून नवे शब्द, विनोद आणि पूर्वज-परंपरा आली. भारतीय विधवेच्या वाट्याला फक्त चिता आली. ज्या लेखिकेने खेळ हे मुक्तीचे साधन मानले, तिने तो खेळ सर्वांना सारखा वाटला नाही. ताराबाईंचा निबंध १९७५ मध्ये पुनर्मुद्रित झाला होता. परंतु मराठीत असल्याने तो त्या चर्चेच्या कक्षेबाहेरच राहिला. भारतीय विधवेच्या प्रश्नावर एक भारतीय स्त्री ९६ वर्षांपूर्वीच उपहासाचे शस्त्र परजून उभी होती, हे ज्ञात असते तर त्या प्रकरणाचा सूर बदलला असता काय, हा तुलनात्मक अभ्यासाला पडावा असा प्रश्न आहे.

'विच' या शब्दाचे भारतीय प्रतिशब्द घेतले की मर्यादा आणखी स्पष्ट होते. डाकीण, डायन, टोनही हे शब्द अद्याप रूपक झालेले नाहीत. बिहारने १९९९ मध्ये डायन प्रथेविरुद्ध कायदा केला. छत्तीसगडने २००५ मध्ये टोनही छळाविरुद्ध. महाराष्ट्राचा अघोरी प्रथा व जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये आला. एखाद्या बाईला हा शब्द चिकटवणे हाच गुन्हा ठरवावा लागतो, याचा अर्थ असा की शब्द उच्चारणे आणि बाईला गावाबाहेर काढणे यांतील अंतर अजून फार कमी आहे. बॉस्टनमधील प्राध्यापिकेला चेटकीण म्हणवून घेणे शक्य झाले, कारण तेथील शेवटचा चेटूक-खटला होऊन शतके लोटली होती. खेळाला अंतर लागते. ते अंतर इतिहासाने दिलेले असते, बुद्धीने निर्माण करता येत नाही.

महाश्वेता देवी यांची 'बांयेन' ही कथा या दृष्टीने 'विकिडरी'च्या शेजारी ठेवून वाचली पाहिजे. डोम समाजातील चंडीदासी मेलेल्या लेकरांना पुरण्याचे आणि त्यांच्या थडग्यांची राखण करण्याचे वंशपरंपरागत काम करते. तिला स्वतःला मूल होते, आणि गाव तिला बांयेन ठरवते. नवरा आणि मुलगा तिच्यापासून तोडले जातात. रेल्वेमार्गावर दरोडेखोरांनी रचलेला अडथळा पाहून ती एका रात्री गाडीसमोर धावत जाते, गाडी वाचते आणि ती मरते. अखेरीस अधिकाऱ्यांसमोर तिचा मुलगा भगीरथ पुढे होऊन ती आपली आई असल्याचे सांगतो. 'बांयेन' या शब्दाशी कथेत कोणीही खेळत नाही. त्याची नवी व्याख्या होत नाही. मुक्ती येते ती शब्द बाजूला सारून नाव आणि नाते परत उच्चारल्याने. पुनर्व्याख्या हा शिवीवरचा एकमेव उपाय नव्हे, हे महाश्वेता देवी यांनी सिद्धांताविना दाखवले आहे.

जातीचा पदर येथून वेगळा करता येत नाही. मराठीत सवर्ण घरातल्या मुलीला दटावताना अनेकदा श्रमकरी किंवा भटक्या जातीतील स्त्रीचे जातिनाम शिवीसारखे वापरले जाते. 'मुरळी' आणि 'बाजारबसवी' हे शब्द देवाला सोडलेल्या मुलींच्या जगण्यातून आलेले आहेत. अशा शब्दाचा दागिना एखाद्या सवर्ण स्त्रीने केला तर त्याचे वजन तिच्या गळ्यात पडत नाही. ते जिचे नाव आहे तिच्या गळ्यातच राहते. दलित स्त्रियांचा भेदमूलक दृष्टिकोन शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये मांडला. त्याचा भाषिक आशय असा सांगता येईल: शिवी परत मिळवण्याचा पहिला हक्क ती जिच्या देहावर आदळते तिचा आहे.

६. रस्त्यावरील कोश

एकविसाव्या शतकात ही क्रीडा ग्रंथातून रस्त्यावर आली. मंगळूर येथील पबमध्ये २४ जानेवारी २००९ रोजी मुलींना मारहाण झाल्यानंतर 'पबमध्ये जाणाऱ्या, सैल आणि पुढारलेल्या स्त्रियांचा संघ' असे इंग्रजी नाव घेऊन एक गट उभा राहिला आणि त्याने गुलाबी चड्ड्या पाठवण्याची मोहीम चालवली. मराठीत 'पुढारी' हा सन्मानाचा शब्द. 'पुढारलेली' मात्र बाईविषयी वापरताना नाक मुरडले जाते. या गटाने निंदेची विशेषणे क्रमाने लावून त्यांची संस्थात्मक पाटीच केली.

टोरांटो येथे एका पोलीस कर्मचाऱ्याने स्त्रियांच्या कपड्यांविषयी काढलेल्या उद्गारांनंतर ३ एप्रिल २०११ रोजी 'स्लटवॉक' निघाला. दिल्लीत ३१ जुलै २०११ रोजी जंतरमंतरवर तोच कार्यक्रम 'बेशर्मी मोर्चा' या जोडनावाने झाला. अनुवादाच्या दृष्टीने हा निर्णय अभ्यसनीय आहे. 'स्लट' हा लैंगिक आणि स्त्रीवाचक शब्द. 'बेशर्म' कोणत्याही लिंगाला लागतो आणि त्यात लैंगिकतेपेक्षा लाज या सामाजिक मूल्याचा अभाव सांगितला जातो. हिंदीतील थेट प्रतिशब्द टाळल्याने शिवीचा दाह कमी झाला. पण झियांच्या राजवटीच्या काळात उर्दूत किश्वर नाहीद यांनी 'गुनहगार' हे विशेषण कवितेत उचलले होते, त्या परंपरेशी हा शब्द नकळत जोडला गेला. दोन्हीकडे देहावरील आरोपाऐवजी नैतिक आरोप स्वीकारला आहे आणि न्यायासनावर कोण बसले आहे, असा प्रतिप्रश्न केला आहे. भारतीय भाषांतील पुनर्व्याख्येची ही स्वतःची वाट म्हणता येईल.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांनी 'स्लटवॉक'ला उद्देशून खुले पत्र लिहिले. गुलामगिरीच्या इतिहासामुळे तो शब्द स्वतःला लावून घेण्याची चैन आपल्याला परवडत नाही, असा त्याचा आशय होता. लॉर्ड यांच्या पत्रानंतर ३२ वर्षांनी तोच प्रश्न त्याच ठिकाणी उभा राहिला.

७. समारोप

या विवेचनातून काही निष्कर्ष हाती येतात. स्त्रीवाचक शिव्या बहुधा स्त्रियांच्या श्रमाच्या, ज्ञानाच्या आणि स्वायत्ततेच्या जागांवर उगवतात. म्हणून व्युत्पत्तीची क्रीडा ही त्या जागांच्या इतिहासाची नोंद ठरते आणि डेली यांच्या कोशाचे हे मोल त्यांच्या अतिरेकांसह टिकून राहते. पुनर्व्याख्या रुजण्यासाठी ती उच्चारणारा समूह लागतो. तो नसेल तेथे ताराबाईंची तुलना अधिक धारदार ठरते. ज्या शब्दाला उजळ मूळ नाही, तेथे व्युत्पत्ती थांबते. आणि जो शब्द आजही जीव घेतो, तेथे खेळच थांबावा लागतो.

डेली यांचा कोश इंग्रजीच्या पोटातील विसरलेल्या बायकांना जागे करतो. परंतु एका भाषेतील मुक्तीचा मार्ग दुसरीत जसाच्या तसा नेता येत नाही. मराठीत देवी जागीच आहे, आणि तिच्या नावाची शिवीही. सहाव्या रात्री सटवाईसाठी ठेवलेला कागद कोरा असतो. तिने काय लिहिले ते कोणाला वाचता येत नाही, असा समज आहे. स्त्रीवादी कोशकाराचे काम त्या कागदावर नवे प्राक्तन उमटवण्यापूर्वी, आजवर त्यावर कोणी, कोणासाठी आणि कोणाच्या नावाने लिहिले, हे वाचून दाखवण्याचे आहे.